लोकमान्यांचा मधुमेह : औषध नसलेल्या काळात साखर कशी आवरली?

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. उपाशीपोटी साखर १८६, एचबीए१सी ८.४. डॉक्टर टाइप २ मधुमेह असल्याचे सांगतात, गोळी लिहून देतात आणि गोड बंद करायला सांगतात. घरी पोहोचताच पहिला प्रश्न स्वयंपाकघरात उभा राहतो, आता खायचे काय? भात पूर्ण बंद करा, भाकरी कितीही चालते, साखरेऐवजी गूळ घ्या, असे सल्ले संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर जमा होतात.

हाच प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्यापुढे होता. तेव्हा इन्सुलिन नव्हते, मधुमेहाची गोळी नव्हती, घरी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजायचे यंत्रही नव्हते. हातात होते ते फक्त ताट. त्या ताटाच्या जोरावर त्यांनी हा आजार अनेक वर्षे आवरून धरला, तोही तुरुंगात. ताटाने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घ्यायला त्यांचे आयुष्य उपयोगी पडते.

रत्नागिरी, पुणे आणि लातूरची जिनिंग

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला आले. आई लवकर गेली, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. लहानपणी प्रकृती तशी किरकोळच होती. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवले. व्यायाम, कुस्ती, पोहणे आणि भरपूर दूध हा त्या वर्षाचा कार्यक्रम होता. परीक्षेचे नुकसान झाले, पण शरीर कणखर झाले.

पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८९० मध्ये मतभेदातून टिळक संस्थेबाहेर पडले आणि पोटापाण्यासाठी दोन मार्ग निवडले. एक, पुण्यात कायद्याचे वर्ग. दुसरा, निजामाच्या हैदराबाद संस्थानातील लातूर येथे भागीदारीत काढलेला कापसाची सरकी वेगळी करण्याचा कारखाना, म्हणजे जिनिंग. मराठवाड्यातील कापसाच्या बाजारपेठेशी लोकमान्यांचे नाते असे थेट व्यवहाराचे होते.

त्यानंतरची वर्षे संपादकाची, पुढाऱ्याची आणि कोर्टकचेऱ्यांची. अग्रलेख, सभा, प्रवास, खटले. तरुणपणीचा आखाडा मागे पडला आणि लेखनाची बैठक वाढली. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली.

बावन्नाव्या वर्षी, मधुमेह घेऊन मंडालेला

२४ जून १९०८ रोजी मुंबईत टिळकांना पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्यासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी केलेला जामीन अर्ज न्यायमूर्ती दावर यांनी फेटाळला. २२ जुलैला, बावन्नावा वाढदिवस एका दिवसावर असताना, सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. त्यांना आधी साबरमतीच्या तुरुंगात आणि सप्टेंबरमध्ये ब्रह्मदेशातील मंडालेला नेण्यात आले. तोपर्यंत त्यांना मधुमेह जडलेला होता. पुढे शिक्षेचे रूप साध्या कैदेचे झाले आणि स्वतःचे अन्न वेगळे शिजवून घेण्याची मुभा मिळाली. वासुदेव रामराव कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी त्यांचा स्वयंपाक करू लागला.

टाइप १ आणि टाइप २ ही आजची वाटणी तेव्हा नव्हती. पण आजार मध्यमवयात आला आणि इन्सुलिनशिवाय टिळक पुढे बारा वर्षे जगले, कामातही राहिले. शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा टाइप १ असता, तर त्या काळी इतकी वर्षे मिळाली नसती. त्यामुळे हा आजच्या भाषेत टाइप २ होता असे मानायला जागा आहे.

टाइप २ मध्ये नेमके काय बिघडते? जेवणातील पिष्ट पदार्थांची रक्तात साखर होते. ती स्नायूंमध्ये शिरायला इन्सुलिन लागते. टाइप २ मध्ये इन्सुलिन असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही, आणि हळूहळू स्वादुपिंडही थकत जाते. रात्रीच्या उपवासात यकृत स्वतःच रक्तात साखर सोडत असते. एरवी इन्सुलिन त्याला आवर घालते. तो आवर सैल झाला की रात्री काही न खाताही सकाळची साखर वाढलेली दिसते. अनेक नव्या रुग्णांना पडणारे कोडे हेच असते.

सातूच का?

मंडालेत टिळकांनी गहू आणि तांदूळ बाजूला ठेवून सातूच्या पिठावर भर दिला. सातू म्हणजे जव. घरची कामे आणि लागणाऱ्या वस्तू यांबद्दलची त्यांची पत्रे पुण्याला भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्याकडे जात. आहार मोजका, ठरलेला आणि रोज जवळपास सारखा. त्यात तुरुंगाचा एक उपयोग असा झाला की सणसमारंभ, पाहुणचार आणि आग्रहाची वाढ यांपैकी काहीच तिथे नव्हते.

सातूची निवड अंधारातली नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णासाठी यव, म्हणजेच जव, हे मुख्य अन्न सांगितले आहे. आजचे आहारशास्त्रही त्यामागचे कारण सांगू शकते. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. तो पोटात चिकट, दाटसर थर तयार करतो, पिष्टाचे पचन मंदावते आणि जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. पांढऱ्या भातात असा अडथळा फारसा नसतो.

त्या काळी मोजमाप लघवीतल्या साखरेवरून होई. हे माप ओबडधोबड होते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरू लागते. म्हणजे लघवी साफ दिसली तरी रक्तातील साखर १५० किंवा १७० असू शकते. आज एचबीए१सी ही एकच तपासणी गेल्या दोन ते तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. बहुतेक रुग्णांसाठी ७ च्या खाली राहणे हे उद्दिष्ट असते. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते कमी-जास्त करतात.

याच पथ्याच्या काळात टिळकांनी मोठे काम केले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्याचा मसुदा पेन्सिलने लिहून काढला. पाली, जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. ७ जून १९१२ रोजी पुण्यात पत्नी सत्यभामाबाई यांचे निधन झाले. ती बातमीही त्यांना तुरुंगातच ऐकावी लागली. जून १९१४ मध्ये ते पुण्यात परतले, तेव्हा वय अठ्ठावन्नाला टेकले होते.

सुटकेनंतरची सहा वर्षे

१९१५ मध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले. १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेरीस लखनौ करार झाला. १९१८ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, चिरोल यांच्यावरील खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि वर्षभर तिथे राहिले. मधुमेह असलेल्या माणसासाठी त्या काळात हे थोडे नव्हते.

जुलै १९२० मध्ये मुंबईच्या सरदारगृहात मुक्काम असताना त्यांना ताप आला, पुढे न्यूमोनिया झाला. १ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट. मधुमेहात जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते, हे आज पक्के माहीत आहे. म्हणूनच मधुमेहींना फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबाबत डॉक्टरांशी बोलायला सांगितले जाते. १९२० मध्ये न्यूमोनियावर ना आजच्यासारखी लस होती, ना प्रतिजैविके.

त्यानंतर वर्षभरातच, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णाला देण्यात आले. आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी १९५७ मध्ये फ्रान्समधून पुढे आली. टिळकांना यातले काहीच मिळाले नाही.

मराठवाड्याच्या ताटात सातूची जागा कोणाची?

नांदेड-लातूरच्या घरात सातू रोज नसतो, ज्वारी असते. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण इथे एक गैरसमज आहे. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि तेवढ्याच गव्हाच्या पिठातही जवळपास तितकीच. ज्वारीतील तंतूंमुळे पोट लवकर भरते, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्यांची साखर होणारच. धान्य बदलणे ही पहिली पायरी, मोजणे ही दुसरी. टिळकांचा आहार सातूचा होता, तसाच तो मोजकाही होता. दुसरी गोष्ट आपण सहज विसरतो.

नव्या रुग्णाने आपल्याच स्वयंपाकघरात करण्यासारखे बदल असे :

• ताटाचा अर्धा भाग भाज्यांना द्या. मेथी, शेपू, अंबाडी, दोडका, भेंडी, काकडी, गाजर. बटाटा भाजीत धरू नका, तो भाताच्या हिशेबात जातो.

• पाव भाग वरण, मटकी, चवळी, हरभरा, दही, अंडी किंवा मासे. बोरसुरीची तूरडाळ ही लातूरची ओळखच आहे. वरण पातळ न करता घट्ट ठेवा.

• उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात, तिन्ही एकाच जेवणात नकोत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला लागून असलेल्या भागात भाताची सवय जुनी आहे. तिथे भात पूर्ण तोडण्यापेक्षा एका वाटीवर आणून सोबत डाळ-भाजी वाढवणे टिकते.

• आधी भाजी-वरण खा, भाकरी किंवा भात नंतर. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची उसळी कमी होते.

• सकाळची सुशीला हलकी वाटते, पण मुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, आणि तो झटकन पचतो. आठवड्यातून एखाद्या वेळी, भरपूर शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घालून थोडी घ्या.

• गूळ, मध, काकवी यांचीही रक्तात साखरच होते. दिवसातून पाच वेळा दोन चमचे साखरेचा चहा असेल, तर सुरुवात तिथून करा.

• अर्धापूरचे केळे विष नाही. एका वेळी अर्धे, जेवणावर नव्हे तर मधल्या वेळेत. रस नको, फळ खा.

• जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चाला. चालणारा स्नायू इन्सुलिनचा फारसा आधार न घेताही साखर ओढून घेतो. आठवड्यात एकूण १५० मिनिटांचे भरभर चालणे आणि दोन-तीन दिवस उठाबशा किंवा वजन उचलण्याचा व्यायाम हे ध्येय ठेवा. टिळकांनी तरुणपणी कमावलेले शरीर म्हणजे आजच्या भाषेत साखर खर्च करणारे कोठार होते. ते कोणत्याही वयात थोडेफार वाढवता येते.

इथे टिळकांची नक्कल करू नका

टिळकांच्या कडक पथ्यात एक धोका नव्हता, जो आजच्या रुग्णाला आहे. त्यांच्या पोटात मधुमेहाची कोणतीही गोळी नव्हती. आज कोणी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल आणि एकदम जेवण निम्मे केले, एकादशी-चतुर्थीचे उपवास धरले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम, घाबरे होणे, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा पडत नाही. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा असतो.

उलट टोकही तितकेच वाईट. पथ्य सुरू केले, साखर उतरली आणि गोळी मनानेच बंद केली, हे अनेक घरांत घडते. गोळी कमी करता येते, पण डॉक्टरांनी आकडे पाहून. साखर ३०० च्या वर, सोबत उलट्या, धाप, खूप तहान किंवा वजन झपाट्याने उतरणे, असे असेल तर पथ्याचा विचार नंतर, आधी रुग्णालय.

पहिली वर्षे सर्वात मोलाची

ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. ज्यांचा एचबीए१सी सरासरी ७.९ ऐवजी ७ राहिला, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत २५ टक्क्यांनी कमी होती. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरीही सुरुवातीच्या नियंत्रणाचा फायदा पुढे दहा वर्षे दिसत राहिला. सुरुवातीला केलेली शिस्त शरीर विसरत नाही.

ब्रिटनमधल्याच डायरेक्ट या अभ्यासात निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, वजन जास्त असलेल्या २९८ जणांचा विचार झाला. निम्म्यांना देखरेखीखाली काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला आणि गोळ्या थांबवल्या. वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवणाऱ्यांत तर ते ८६ टक्के होते. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा काम करू लागते, हे त्यामागचे कारण. मात्र हा कायमचा बरा होणे नव्हे. वजन परतले की साखरही परतते. असा आहार घरच्या घरी, देखरेखीशिवाय करायचा नसतो.

आता काय करायचे?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे रिपोर्ट आलेला माणूस एकटा नाही. निदान होताच डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची तपासणी करून घ्यावी. टाइप २ बऱ्याचदा कळण्याआधी काही वर्षे शरीरात असतो. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करावा. घरातील तिशीपुढच्या इतरांनीही जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी, कारण हा आजार कुटुंबात चालतो.

टिळकांच्या निधनाने हेलावलेल्या एका विद्यार्थ्याने १९२० मध्ये देशकार्याला वाहून घेण्याचा निश्चय केला. तेच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ झाले. नांदेडचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. मराठवाड्यापर्यंत लोकमान्यांचे राजकारण असे पोहोचले. त्यांच्या पथ्याची गोष्ट मात्र फारशी पोहोचली नाही.

ती गोष्ट थोडक्यात एवढीच. मधुमेहाचे निदान झाल्यानंतरही त्यांनी ग्रंथ लिहिला, संघटना उभारली, समुद्रापलीकडे जाऊन खटला लढवला. त्यांच्या हाती फक्त सातूचे पीठ आणि स्वतःवरचा ताबा होता. आजच्या रुग्णाच्या हाती ते दोन्ही आहे, शिवाय गोळी आहे, तपासणी आहे आणि लसही आहे. यातले एकही सोडायचे कारण नाही.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध, उपवास आणि आहारातील मोठे बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.)